न लागणारा नंबर

१

जे काम करायला मैत्री वावखारला आली होती, ते कुणीतरी आधीच उरकून ठेवलं होतं.

धर्माकाकांच्या पडवीतल्या खोलीत तिनं तो जुना, जाड पडद्याचा संगणक चालू केला. चौदा वर्षांपूर्वीचं मशीन. चालू व्हायला त्यानं वेळ घेतला, मग पडदा उजळला आणि मैत्रीचा हात बॅगेत होता तिथेच थांबला. बॅगेतल्या पेनड्राइव्हवर सिस्टीमचं जे जुनं व्हर्जन ती घेऊन आली होती, नेमकं तेच समोर दिसत होतं. तेवढंच. बाकी मशीन धुतल्यासारखं रिकामं.

"गाणी कुठायत, काका?"

धर्माकाका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. सत्तरीचा, उन्हानं रापलेला, ताठ कण्याचा माणूस. मागच्या महिन्यात फोनवर त्यांचा आवाज खणखणीत होता. आज ते हळूच म्हणाले, "तूच बग, बाय. मना काय ठाव नाय. होती का नव्हती, तेच मना आता कलत नाय."

गाणी म्हणजे त्यांच्या बायकोचे, ठमाबाईचे धवले. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले गाते आणि मग लग्न लागतं. ठमाबाई पंचक्रोशीतली मोठी धवलारीण. गुडघे गेले, मांडवात जाणं थांबलं, तेव्हा धर्माकाकांनी सतरा साली हे मशीन आणि एक माइक आणला आणि दोन वर्षं तिच्यासमोर धरला. एक्केचाळीस धवले भरले. चार वर्षांपूर्वी ठमाबाई गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवणाआधी काका एक धवला ऐकायचे. फक्त एक.

जानेवारीत मशीनवर कुणीतरी नवी सिस्टीम चढवली आणि गाण्यांचा जुना प्रोग्राम उघडेनासा झाला. गाणी आत होती, पण दाराची चावी बदलली होती. अलिबागला कोर्टामागच्या गल्लीत मैत्रीचं दुरुस्तीचं दुकान होतं. वकिलांचे म्हातारे संगणक जुन्या व्हर्जनवर जिवंत ठेवण्यात तिचा हातखंडा होता. काकांनी तिला फोन केला. ती म्हणाली होती, "घाबरू नका. मी येते, आधी गाण्यांची कॉपी काढते, मग जुनं व्हर्जन टाकते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका." चार फेब्रुवारीला येते म्हणाली होती. पण तळा गावी तिच्या आईचं दुखणं काढावं लागलं आणि आज पंचवीस तारीख उजाडली होती.

"मॅडम, तुम्ही उगाच आलाव." मागून आवाज आला. काकांचा मुलगा प्रज्योत. चाळिशीचा, दोन ट्रेलरचा मालक, एक स्वतः चालवणारा. "त्यात कधीच काय नव्हतं. पंधरा सालापासून त्यो तसाच हाय. आय समोर बसून गायची, बाबा बटन दाबायचे, पन भरलं काहीच नाय. बाबांना..." त्यानं वाक्य सोडलं आणि स्वतःच्या कपाळावर दोन बोटं टेकवली.

धर्माकाकांनी ते पाहिलं.

२

मैत्रीनं सिस्टीमच्या फोल्डरची तारीख काढली. एक जानेवारी दोन हजार पंधरा. वेळ एक वाजून एक मिनिट.

म्हणजे मुलगा बरोबर सांगत होता. मशीन पंधरा साली असं होतं, सतरा साली घरात आलं, आणि आजही तसंच होतं. नवी सिस्टीम चढलीच नव्हती. गाणी भरलीच नव्हती.

"काका, तुम्ही रोज ऐकायचात म्हणता. कुणी सोबत असायचं?"

"नाय. कान मोठं होतं ना, ते टोपीसारखं. ते लावून ऐकायचू." त्यांनी खुंटीवरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. "पोराना त्यांचा टीव्ही असतो."

भिंतीवर दिनदर्शिका होती. फेब्रुवारीच्या पानावर कोपऱ्यात जाड निळ्या मार्करनं एक नंबर लिहिला होता. शाई मागच्या दोन पानांत उतरली होती. शून्य एक, शून्य एक, शून्य एक, शून्य एक, एक पाच.

"हा कुणाचा?"

"काय म्हाईत. मी दोनदा लावला. बाई सांगते, नंबर चुकीचा हाय." काका खिन्न हसले. "तोही मीच लिवला असंन."

सुनेनं, रुचिकानं चहा आणला. ती ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढायची. चहासोबत तिनं सासऱ्यांच्या तळहातावर एक पिवळी गोळी ठेवली. डॉक्टरांनी विसरभोळेपणासाठी दहा दिवसांपूर्वी चालू केली होती. काकांनी ती मुकाट गिळली. खाडीच्या बांधावरच्या उघाडीला, म्हणजे पाण्याच्या दाराला, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून फळ्या टाकायच्या, ते काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांच्या बोटांवर असायच्या. मागच्या आठवड्यात गावकीनं ते काम गावातल्या सदाकडे दिलं. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या हाती बांध कसा ठेवायचा, असं कुणीतरी म्हणालं, आणि काकांनी स्वतःहून उघाडीची चावी नेऊन दिली.

मैत्री स्कूटरवरून परत निघाली तेव्हा तिचाही विश्वास बसत आला होता. कितीतरी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी तिला कधीच नसलेल्या फायली शोधायला लावल्या होत्या. त्यात तिची स्वतःची आई, पुतळाबाई, तळ्याच्या घरात गेली दोन वर्षं सगळं विसरत चालली होती.

पण पोयनाडपाशी तिच्या मनात काहीतरी अडलं. आई विसरली की ते कबूल करत नाही. जेवल्याचं आठवलं नाही तर म्हणते, शेजारीण घेऊन गेली. रिकामी जागा ती भरून काढते, ठासून. धर्माकाका तसं काहीच करत नव्हते. माहीत नाही ते माहीत नाही म्हणत होते, आणि जे आठवत होतं ते तारखेसकट सांगत होते.

दुकान उघडून तिनं पहिल्यांदा फोनची वही काढली. गिऱ्हाईक फोनवर जे वाचून दाखवी, ते ती जसंच्या तसं उतरवून ठेवायची. सत्तावीस जानेवारी, धर्माकाका, वावखार. खाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: "पडद्यावर काय दिसतं? दहा, मधे टिंब, तेरा."

काकांना इंग्रजी येत नव्हतं. आकडे येत होते. आणि ते व्हर्जन पंधरा साली जन्मालाच आलं नव्हतं.

मैत्री खुर्चीत बसली. म्हातारा खरं बोलत होता. तारीख खोटी होती.

३

तारीख खोटी कशी, हे खरं तर तिला पहिल्या मिनिटाला कळायला हवं होतं. जुन्या व्हर्जनवर कंपनीचा एक शिक्का असतो आणि त्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपलेली असते. आज ते टाकायला गेलं तर मशीन म्हणतं, ही वस्तू खराब आहे. म्हणून टाकणारा आधी मशीनचं घड्याळ मागे नेतो, मुदत शिल्लक होती त्या काळात. मग मशीन गपगुमान ऐकतं आणि प्रत्येक फोल्डरवर तीच मागची तारीख मारतं. हे तिनं शेकडो वेळा केलं होतं. तरीही ती फसली, कारण मुलानं आधीच उत्तर हातात दिलं होतं आणि म्हातारा भ्रमला आहे, हे मानणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वावखारला गेली. प्रज्योत गाडी घेऊन न्हावाशेव्याला गेला होता. खोलीत शिरताच तिनं आधी दिनदर्शिका पाहिली.

फोन नंबर नव्हताच तो. घड्याळ मागे नेताना मशीनला जे आकडे द्यायचे असतात ते होते. महिना शून्य एक, तारीख शून्य एक, तास शून्य एक, मिनिट शून्य एक, साल पंधरा.

"काका, हा नंबर तुम्ही लिहिलेला नाही."

काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. विश्वास ठेवायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"आणि थोडी आशा आहे," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण ते खोटं नव्हतं. सिस्टीम पुसली तरी खालचा माल बऱ्याचदा तसाच असतो, नुसती नावांची यादी गेलेली असते. असा माल तिनं कितीदा वर काढला होता. तिनं आपलं यंत्र जोडलं आणि डिस्क तळापासून वाचायला घातली.

काका शेजारी स्टूलवर येऊन बसले. बारा वाजले. दोन वाजले. रुचिका पंचायतीतून जेवायला येऊन परत गेली. मैत्रीच्या पडद्यावर आकडे सरकत होते आणि तिचा चेहरा उतरत होता. सिस्टीमनं व्यापलेला कोपरा सोडला तर डिस्कभर शून्य. शून्यामागून शून्य.

नुसती पुसलेली डिस्क अशी नसते. आठ वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये काही ना काही कचरा उरतोच. इथे कुणीतरी सगळीकडे शून्यं लिहून घेतली होती, एकही जागा न सोडता. त्याला दोन-तीन तास लागतात. हे चुकून होत नाही. त्यासाठी मुद्दाम वेगळी निवड करावी लागते.

शेवटी तिला सिस्टीमच्या नोंदवहीत, तारीख मागे नेण्याआधीच्या तीन ओळी सापडल्या. त्या पुसायच्या राहून गेल्या होत्या. त्यांवर खरी तारीख होती. नऊ फेब्रुवारी, रविवार.

"नऊ तारखेला घरात कोण होतं, काका?"

"कोनच नाय," काका म्हणाले. "पालीला लगीन होतं. सकालपासून सगला गाव गेल्ता."

४

एवढ्या मेहनतीनं एका म्हातारीचा आवाज कुणाला मारायचा होता?

मैत्री आधी केसरकडे गेली. केसर ही ठमाबाईची चेली. आता आसपासच्या सात गावांत तीच एक धवलारीण उरली होती. पन्नाशीची बाई, अंगणात सुकट वाळवत बसली होती.

"त्या पेटीचा मना राग होता, खोटं कशाला बोलू?" केसर म्हणाली. "लोक बोलायचे, ठमाबाईचा आवाज मशीनमधी हाय, लग्नात तोच लावू. मंग मी कशाला? पन बाय, मना सतराच धवले येतान. बाकीचे ती बोलायची, पुढच्या सालाला शिकवते, पुढच्या सालाला. ती गेली. मी म्हातारबाला विचारून ठेवलेलं, का पावसात येऊन पेटीवरून शिकेन. चोवीस धवले त्यातच होते." तिनं हातातली सुकट खाली ठेवली. "गेले काय?"

मैत्रीला मान हलवावी लागली.

"नऊ तारखेला तुम्ही कुठे होता?"

"मी नाय गेले तर पालीचं लगीन लागलं कसं असतं?"

केसर सुटली. संगणकाशी खेळणं तिच्या आवाक्यातलं नव्हतंच. मैत्री परत घरी आली तेव्हा रुचिका चुलीपाशी होती. सून संगणक जाणत होती. सासऱ्यांच्या दुखण्याचा भार तिच्यावर होता, आणि ती खोली मुलीच्या अभ्यासाला मिळावी म्हणून तिनं कुरकुर केली होती, हे तिनं आपणहून सांगितलं.

"पण ताई, मी सकाळी सातच्या टेम्पोत होते. नवरीची मावशी ना मी! परत आलो तेव्हा दिवे लागले होते."

"आणि प्रज्योत?"

"ते गाडीवरून परस्पर येणार होते. आले ते जेवणावळी उठल्यावर. वडखळला अडकले म्हणाले." तिनं आच कमी केली. "त्या दिवसापासून यांचं जेवण कमी झालंय. मला वाटलं, बाबांचं टेन्शन."

मैत्रीची नजर भिंतीवर गेली. गॅसच्या सिलिंडरच्या वर, जाड निळ्या मार्करनं तारीख लिहिली होती. सिलिंडर कधी लावला त्याची. एकच्या आकड्याला खाली आडवी रेघ.

"हे कोण लिहितं?"

"हेच. कंटेनरचे नंबर लिहायचा मार्कर कायम यांच्या खिशात असतो."

माजघराच्या पलीकडे, दिनदर्शिकेवरच्या सगळ्या एकांनाही तशाच आडव्या रेघा होत्या. मैत्रीला काल दारातून आलेलं वाक्य आठवलं. पंधरा सालापासून त्यो तसाच हाय. मशीन घरात आलं सतरा साली. पंधराचा आकडा तिनं तेव्हा पाहिलासुद्धा नव्हता. त्याला तो आधीच कसा माहीत?

५

तरी एक गाठ सुटत नव्हती. ज्याला इंग्रजी धड येत नाही, त्या ड्रायव्हरला ते आकडे कुणी दिले?

नाक्यावर विनेशचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. सतरा साली काकांना मशीन त्यानंच विकलं होतं. लग्नाच्या डीजेत घालायला त्यानं दोनदा धवले मागितले होते आणि काकांनी दोनदा त्याला हाकललं होतं. मैत्रीनं त्याला सरळ विचारलं.

"पेनड्राइव्ह माझा," विनेश म्हणाला. तो नजर चुकवत नव्हता. "आकडेपण मीच फोनवर सांगितले. कुणाला ते विचारू नका, मी शब्द दिलाय. पण आधी कॉपी काढ, हे तीन वेळा सांगितलं होतं. मग इथे माझ्याकडे आला, या स्टूलवर बसला आणि एक शब्द न बोलता उठून गेला. मला तेव्हाच कळलं."

"तुम्ही काकांना का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तो सांगेल."

प्रज्योतचा ट्रेलर संध्याकाळी बांधाच्या रस्त्याला उभा राहिला. ओहोटी लागली होती आणि खाडीचा चिखल उघडा पडला होता. मैत्री तिथेच थांबली होती. तिनं फक्त दिनदर्शिकेचं फाडलेलं पान पुढे धरलं.

प्रज्योतनं पान पाहिलं. मग तो गाडीच्या पायरीवर बसला.

"जानेवारीत पन मीच केलेलं," तो म्हणाला. "ते मशीन सारखं बोलायचं, नवीन घ्या, नवीन घ्या. मना वाटलं, बाबांचं चांगलं होईल. मोबाईलचं नेट जोडून रात्रभर लावून ठेवलं. सकाळी गाणी बंद. बाबा चार दिवस नीट जेवले नाय. तुम्ही येते बोललात, तुम्ही आला नाय. मी म्हटलं, आपण बिघडवलंय, आपणच नीट करून ठेवू, लग्नाहून आले का ऐकतील."

"आणि पुसलंत?"

"ते बोललं, इरेज. मना वाटलं, ती नवी सिस्टीम इरेज. गाणी वेगळी, सिस्टीम वेगळी, नाय का?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू अजूनही ती हो म्हणाली तर सगळं परत येणार होतं. "मंग ती सरकवायची पट्टी होती. एका टोकाला फास्ट, दुसऱ्या टोकाला सिक्युअर. आमच्यात कंटेनरला सील मारलं का बोलतात, माल सिक्युअर झाला. मी म्हटलं, आयचा आवाज हाय आत. घाई नको. सिक्युअर करू. विनेश कॉपी काढ बोललेला, मना वाटलं, हीच ती."

मशीनच्या भाषेत सिक्युअर म्हणजे पुन्हा कधी सापडू नये असं पुसणं. मागमूस नष्ट करणारा कुणी वैरी मैत्री दिवसभर शोधत होती. आणि ही शून्यं जपण्यासाठी लिहिली गेली होती. अडीच तास तो मशीनसमोर बसून होता, आईचा आवाज सांभाळला जातोय असं समजून.

"चूक झाली, ती कुणाचीही होते," ती शेवटी म्हणाली. "माझीही आहे. मी वेळेवर आले असते तर... पण नंतर तुम्ही काय केलंत, प्रज्योत? त्यांना वेडं ठरवलंत."

"मी ठरवलं नाय. बाबांनी इचारलं, गाणी कुठं? तोंडातून निघालं, कधी होती? पहिल्या दिवशी ते माझ्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी मना इचारू लागले. तिसऱ्या दिवशी स्वतःलाच इचारू लागले. मंग परत फिरायला जागाच रायली नाय." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "डॉक्टरकडे मीच नेलं. मना वाटलं, डॉक्टर बोलंल, यांना काय झालं नाय. त्यानं गोळ्या दिल्या."

मग त्यानं मान वर केली. "मॅडम, आता ते शांत झालेत. गाणी नव्हतीच असं मानून बसलेत. सांगून काय भेटणार त्यांना? तुम्ही सांगितलंत तर आय दुसऱ्यांदा मरंल."

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मैत्रीला तिथे जास्त वेळ उभं राहायचं नव्हतं.

"ते रोज सकाळी एक गोळी खातात, जी त्यांना नको आहे," ती म्हणाली. "चला."

६

धर्माकाका पडवीत बसले होते. रुचिका दारात होती. मैत्रीनं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. वहीतले आकडे, दिनदर्शिकेवरचा नंबर, नऊ तारीख, शून्यं. प्रज्योतचं नाव आलं तेव्हा तिनं आवाज न बदलता ते घेतलं. तो बापाच्या समोर, तुळईखाली उभा होता आणि त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचे ओठ हलत होते, जणू ते एकेक पायरी मोजून घेत होते. मग ते म्हणाले, "म्हंजे होती."

"होती, काका. एक्केचाळीस."

"मंग मी येडा नाय."

"नाही."

त्यांचा चेहरा एका क्षणापुरता उजळला. रुचिकानं तोंडाला पदर लावला. मग तो उजेड विझलेला मैत्रीनं पाहिला, कारण पुढचा प्रश्न त्यांना विचारावाच लागणार होता.

"आनी आता?"

"आता काहीच नाही. मुंबईला नेलं तरी नाही. मी खोटी आशा देणार नाही." सकाळी दिली होती, हे तिला आठवलं आणि तिनं मान खाली घातली.

काका उठले. खोलीत गेले, संगणकाच्या पडद्यावर तळहात ठेवला, टीव्हीवरची धूळ पुसावी तसा फिरवला, आणि परत आले. मुलासमोर उभे राहिले. प्रज्योतला वाटलं असावं, आता हात उठेल. त्यानं तो चुकवायची तयारीही केली नव्हती.

"तू ऐकलेलेस?" काकांनी विचारलं.

"काय?"

"धवले. सगले. एकदा तरी?"

प्रज्योतनं मान हलवली. "नाय. गाडीत भरून घेईन बोललेलो. लांबच्या फेरीला ऐकीन बोललेलो."

"म्हंजे काय गेलं, ते तुला म्हाईत पन नाय," काका म्हणाले. रागानं नाही. एखाद्याला त्याचं दुखणं समजावून सांगावं तसं.

रुचिकानं पुढे होऊन सासऱ्यांना सांगितलं की उद्या ती गावकीत जाईल, सगळ्यांना खरं सांगेल, उघाडी परत मागेल. काकांनी हात हलवून तिला थांबवलं. सदा करतो ते बरं करतो, म्हणाले. आणि गावाला सांगायचं तर प्रज्योतचं नाव सांगावं लागेल. ते राहू दे.

"पण काका, लोक तुम्हाला..." मैत्री म्हणाली.

"बोलतान तर बोलू दे. मना ठाव झालं, बास हाय."

ते पुरेसं नव्हतं. ते तिला दिसत होतं आणि त्यांनाही. ती निघायला उठली, तर रुचिका म्हणाली, भात झालाय, ताई, दोन घास खाऊन जा. नको म्हणायचं बळ मैत्रीत नव्हतं. चौघं जमिनीवर बसली. निवट्याचं, खाडीतल्या माशाचं कालवण होतं. ताटांचा आवाज होत होता तेवढाच. जेवणाआधीची ती वेळ केव्हाच टळून गेली होती आणि काकांनी त्या खोलीकडे एकदाही पाहिलं नाही.

प्रज्योतनं भात कालवला होता, पण हात ताटातच होता. म्हाताऱ्यानं आपलं जेवण संपवलं, पाणी पिऊन घेतलं. मग दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिलं.

"जेव," ते म्हणाले. "पहाटे गाडी काढायचीय ना तुला."